पावसातला ताप आणि लेप्टो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाताची लावणी सुरू झाली की आमच्या कोकणातल्या दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढतात, आणि दर पावसाळ्यात तेच प्रश्न नव्यानं कानावर येतात. मी तालुक्याच्या गावी रुग्ण तपासणारा डॉक्टर आहे. या प्रश्नांची उत्तरं तपासणीच्या दोन-तीन मिनिटांत नीट देता येत नाहीत, म्हणून ती इथे सवडीनं लिहितो आहे. लेप्टो लवकर ओळखला तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर तोच आजार आठवडाभरात डायलिसिसपर्यंत नेतो. मधले हे थोडे दिवस वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

लेप्टो म्हणजे नेमकं काय?

लेप्टोस्पायरोसिस हे त्याचं पूर्ण नाव. लेप्टोस्पायरा नावाच्या जिवाणूमुळे तो होतो. हा जिवाणू मळसूत्रासारखा पिळदार असतो आणि त्याची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात. जाडी मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढी, त्यामुळे नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतच नाही. काळ्या पार्श्वभूमीवर तिरका प्रकाश टाकणारा खास सूक्ष्मदर्शक लागतो. १९०७ साली स्टिम्सन या अमेरिकी डॉक्टरला तो एका मृत रुग्णाच्या मूत्रपिंडात दिसला. त्या माणसाचा मृत्यू पीतज्वरानं झाला असं सगळे धरून चालले होते. जिवाणूचं वळलेलं टोक प्रश्नचिन्हासारखं दिसलं, म्हणून त्याला 'इंटरोगान्स' हे नाव मिळालं, आणि आजही तेच चालतं. प्रश्नोत्तरांच्या या लेखात ते सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

आजाराची ओळख त्याआधीच झाली होती. १८८६ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये आडॉल्फ वाइल यांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र दिसणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं. गंभीर लेप्टोला म्हणूनच अजून 'वाइल्स डिसीज' म्हणतात. हे सगळं एका जिवाणूमुळे होतं हे १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनादा आणि इदो यांनी दाखवलं. तिथे कोळशाच्या खाणीत पाण्यात उभं राहून काम करणारी माणसं आजारी पडत होती. पहिल्या महायुद्धात चिखलानं भरलेल्या खंदकांमधल्या सैनिकांनाही त्यानं गाठलं. खाण असो, खंदक असो की आपली भातखाचरं, पाणी, चिखल आणि उंदीर हे त्रिकूट सगळीकडे तेच.

हा उंदीर चावल्यामुळे होतो का?

नाही. उंदीर चावल्यानं येणारा ताप वेगळा. लेप्टो पसरतो तो मुख्यतः लघवीतून. हा जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांमध्ये मुक्काम ठोकतो. उंदराला त्याचा फारसा त्रास होत नाही, तो धडधाकट फिरत राहतो आणि महिनोन् महिने लघवीतून जिवाणू सोडत राहतो. घुशीचंही तेच. मात्र दोष एकट्या उंदराचा नाही. गाय, म्हैस, डुक्कर, कुत्रा यांच्या लघवीतूनही तो बाहेर पडतो. केरळात या आजाराला 'एलिप्पनी' म्हणजे उंदीरताप म्हणतात आणि आपल्याकडेही तोच समज आहे. त्यामुळे 'आमच्याकडे उंदीर नाहीत' असं सांगून माणसं निर्धास्त होतात, आणि दारातल्या गोठ्याचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

तो पाण्यात किती दिवस जिवंत राहतो?

ओल्या मातीत आणि साचलेल्या गोड्या पाण्यात काही आठवडे, परिस्थिती मानवली तर महिनेही. कोरडेपणा मात्र त्याला अजिबात सोसत नाही. कडक ऊन, उकळी, क्लोरीन, खारं पाणी यांनीही तो मरतो. म्हणून मे महिन्यात लेप्टो जवळजवळ नसतो आणि पावसानं जमीन भिजल्यावर काही दिवसांनी डोकं वर काढतो.

शरीरात शिरतो कुठून?

कापलेल्या, खरचटलेल्या जागेतून आणि डोळे, नाक, तोंड यांच्या आतल्या नाजूक आवरणातून. पण आपल्याकडचं त्याचं सर्वांत मोठं प्रवेशद्वार म्हणजे चिखल्या. दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, फुगते, फाटते. ती माणसाला जखम वाटत नाही. 'कुठे लागलंय का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणून सांगतात, आणि पाय पुढे घ्यायला लावले की दहाही बोटांच्या मध्ये चिरा दिसतात. भाताच्या पात्यांनी पोटऱ्यांवर उठलेले ओरखडेही असेच हिशेबात धरले जात नाहीत.

रात्री पाय स्वच्छ धुऊन, बेचक्या कोरड्या पुसून भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) किंवा खोबरेल चोळायची आपल्याकडची रीत चांगली आहे. कातडी फाटत नाही आणि चिरा लवकर भरतात. मात्र तेल लावलं म्हणजे लेप्टो होणार नाही असं समजू नका.

मुंबईत गुडघाभर पाण्यातून चालत घरी आलो. आता काय करू?

साबण लावून पाय धुवा, पुसा, जखम असेल तर ती नीट साफ करा. मग २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते विचारा. मुंबई महानगरपालिकाही पावसाळ्यात हेच सांगते. एकदाच पाण्यातून चाललेल्या, पायाला जखम नसलेल्या माणसाला सहसा डॉक्सिसायक्लिन या जिवाणूनाशक औषधाचा २०० मिलिग्रॅमचा एक डोस देतात. जखम असेल, पाण्यात फार वेळ गेला असेल किंवा रोजच त्यात उतरावं लागत असेल तर डॉक्टर जास्त दिवसांचं औषध ठरवतात. गर्भवतींना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, त्यांच्यासाठी ॲझिथ्रोमायसिन हा पर्याय असतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लाखो माणसं छातीभर पाण्यातून घरी पोचली. पाणी ओसरलं, घरं धुऊन झाली, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत शहरातली रुग्णालयं लेप्टोच्या रुग्णांनी भरली. पुराच्या दिवशी ताप आलेला नसतो. तो येतो पूर विसरायला लागल्यावर.

पाण्यात गेल्यावर किती दिवसांनी ताप येतो?

बहुतेकांना पाच ते चौदा दिवसांत. पण दोन दिवसांपासून महिन्याभरापर्यंत कधीही येऊ शकतो. म्हणून तापाच्या आधीचा पूर्ण महिना आठवून पाहावा लागतो.

लक्षणं कोणती?

सुरुवात बहुधा एकदम होते. सकाळी शेतात गेलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून आडवा होतो. जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या, आणि अंगदुखी. ही अंगदुखी थोडी वेगळी असते. पोटऱ्या आणि कंबर विशेष दुखतात. पोटरी हलकेच दाबली तरी रुग्ण पाय मागे घेतो. लावणीनं कुणाच्याही पोटऱ्या दुखतात, त्यामुळे घरचे आणि कधी रुग्ण स्वतःही हे लक्षण थकव्यावर ढकलतात. थकव्याची दुखणी रात्रीच्या झोपेनं उतरतात. ही उतरत नाहीत, उलट वाढतात.

दुसरी खूण डोळ्यांची. डोळे लालबुंद होतात, पण चिकटत नाहीत, पू येत नाही. डोळे आले असं समजून माणसं थेंब घालत बसतात. ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांचं दुखणं पावसाळ्यात एकत्र दिसलं की मी लेप्टो धरूनच पुढचा विचार करतो.

बऱ्याच जणांचा आजार इथेच थांबतो. काहींना तर तो साध्या फ्लूसारखा होऊन जातो आणि कळतही नाही. थोड्या रुग्णांत मात्र चौथ्या-पाचव्या दिवसापासून वळण लागतं. डोळे, कातडी पिवळी होते, लघवी कमी होते, दम लागतो, खोकल्यातून रक्त येतं, बोलण्यात विसंगती येते. यांतलं एकही लक्षण दिसलं तर सकाळची एसटी पकडू म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करून रात्रीच निघा. फुप्फुसात रक्तस्राव सुरू झाला तर काही तासांत माणूस हातचा जातो. कावीळ मुळीच झालेली नसतानाही तो होऊ शकतो.

डेंग्यू, मलेरिया की लेप्टो, कसं ओळखायचं?

घरी ओळखता येत नाही, आणि पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरलाही खात्रीनं सांगता येत नाही. तिन्ही आजार एकाच हंगामात येतात आणि प्लेटलेट तिन्हींत उतरतात. 'प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू' हे समीकरण लोकांच्या मनात फार घट्ट बसलंय आणि त्यानं नुकसान होतं. डेंग्यूवर जिवाणूनाशक औषध लागत नाही, म्हणून डेंग्यू गृहीत धरून नुसतं पपईच्या पानांचा रस आणि सलाइन चालू राहतं, आणि लेप्टोवरची गोळी पोटात जायची राहून जाते.

डोंगरपट्ट्यात, झाडीत काम करणाऱ्यांनी अंगावर काळी खपली असलेला छोटा व्रण आहे का तेही पाहावं, काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली. तो असेल तर स्क्रब टायफस हा गोचिडाच्या जातीतल्या बारीक किड्यामुळे होणारा आजार असू शकतो. सुदैवानं त्यावरही डॉक्सिसायक्लिनच चालतं.

तपासणी निगेटिव्ह आली. म्हणजे लेप्टो नाही ना?

तपासणी कितव्या दिवशी केली यावर ते अवलंबून आहे. गावाकडे बहुतेक वेळा जी रक्ततपासणी होते ती जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती तयार व्हायलाच पाच ते सात दिवस लागतात. तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी निगेटिव्ह येणं स्वाभाविक आहे. पहिल्या आठवड्यात जिवाणू थेट शोधायचा तर पीसीआर लागते आणि ती सगळीकडे होत नाही. म्हणून संशय असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात. त्यांचं ते वागणं बरोबर आहे. 'रिपोर्टच्या आधी गोळ्या कशाला?' असं त्यांना अडवू नका.

लेप्टोच्या निदानासाठी डॉक्टर फेन यांची गुणपद्धत वापरतात, म्हणजे लक्षणं, संपर्क आणि तपासण्या यांना गुण देऊन त्यांची बेरीज करतात. तिच्या सुधारित रूपात पावसाला आणि दूषित पाण्याशी आलेल्या संपर्काला चक्क गुण आहेत. रुग्ण कुठे आणि कशात उभा होता, ही माहिती निदानात रक्ताच्या अहवालासोबत मोजली जाते.

कावीळ झाली आहे. गावठी औषध घेतलं तर चालेल?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त काळजीत टाकतो. आपल्याकडे काविळीला माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन 'कावीळ उतरवतात', पाला वाटून देतात. विषाणूमुळे होणारी साधी कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते, त्यामुळे या उपायांवर विश्वास बसलेला आहे. तो विश्वास कुठून आला हे मी समजू शकतो. पण लेप्टोची कावीळ आपोआप उतरायची वाट पाहण्यासारखी नसते. साध्या काविळीत डोळे पिवळे व्हायला लागले की ताप सहसा निघून जातो. डोळे पिवळे आणि ताप कायम, किंवा डोळे पिवळे आणि लघवी कमी, असं असेल तर माळ घालायला जाण्यात गेलेला एक दिवसही महागात पडतो.

रक्तातही फरक दिसतो. विषाणूच्या काविळीत यकृताची एन्झाइम्स हजारांत जातात. लेप्टोत बिलिरुबिन, म्हणजे कातडी पिवळी करणारं द्रव्य, खूप चढतं, एन्झाइम्स त्या मानानं थोडीच वाढतात, आणि सोबत मूत्रपिंडाचा बिघाड दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं असतं. त्यामुळे नुसती काविळीची तपासणी करून थांबू नये, क्रिएटिनिनही करून घ्यावं.

उपचार काय असतात?

सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण सात दिवस. गंभीर रुग्णाला दाखल करून शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायाक्झोन देतात. मूत्रपिंडं थकली तर डायलिसिस लागतं. डायलिसिसचं नाव काढलं की घरचे हबकतात, आता हे जन्मभराचं झालं असं त्यांना वाटतं. लेप्टोमध्ये सहसा तसं होत नाही. मधले काही दिवस निभावले की बहुतेकांची मूत्रपिंडं पुन्हा काम करू लागतात. ज्यांना आठ-दहा दिवस यंत्रावर ठेवावं लागलं, ते पुढच्या हंगामात शेतात उभे राहिलेले पाहिले आहेत.

औषध सुरू केल्यावर काही तासांत कधी कधी ताप आणि थंडी एकदम वाढते. मोठ्या संख्येनं मेलेल्या जिवाणूंच्या अंशांवर शरीराची ती प्रतिक्रिया असते. डॉक्टरांना कळवा, पण 'औषध बाधलं' म्हणून मनानं बंद करू नका.

आणि अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या आणून घेऊ नका. आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडांवर त्या आणखी भार टाकतात. तापाला पॅरासिटामॉल पुरे.

लावणीआधी गोळी घ्यावी का?

ज्या गावांत लेप्टोचे रुग्ण सापडतात तिथे लावणी करणाऱ्यांनी, आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानं, घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम, चिखलातलं काम चालू असेपर्यंत. पनामाच्या जंगलात सराव करणाऱ्या अमेरिकी सैनिकांवर याचा अभ्यास झाला आणि १९८४ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला एक डोस घेणाऱ्यांत लेप्टो फारच कमी झाला होता. २०१८ च्या पुरानंतर केरळातही मोठ्या प्रमाणावर या गोळ्या वाटल्या गेल्या.

आशाताई गोळी देऊन जातात आणि ती देवळीत तशीच पडून राहते, असं अनेक घरांत होतं. कारण विचारलं तर 'गोळीनं पोटात जळजळतं'. तक्रार खरी आहे, पण उपाय सोपा आहे. जेवल्यावर, मोठा तांब्याभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. झोपताना घोटभर पाण्याबरोबर घेतली तर ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते.

गोळी घेतली म्हणजे ताप येणारच नाही असं नाही. तरीही आला तर तपासून घ्यायचंच.

गमबूट घातले की झालं ना?

गटारं साफ करणाऱ्यांना, गोठ्यात काम करणाऱ्यांना, पुराच्या पाण्यात उतरणाऱ्यांना गमबूट आणि हातमोजे मिळालेच पाहिजेत. सफाई कामगाराला ते न देता कामाला उतरवणं हा अन्याय आहे. पण लावणीच्या चिखलात गमबूट रुततो, पाय बाहेर येतो आणि बूट आत राहतो. शहरातल्या पत्रकांत 'शेतकऱ्यांनी गमबूट वापरावेत' एवढंच लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्यानं एकदा खाचरात उतरून तरवा (भाताची रोपं) लावून पाहावा. शेतात गोळी, चिखल्यांची काळजी आणि ताप आल्यावर लगेच तपासणी, याच गोष्टी जास्त उपयोगी पडतात.

गुरांना, कुत्र्याला लस देता येते का?

कुत्र्यांच्या बहुतेक संयुक्त लशींत लेप्टोचा भाग असतो. तो दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो, नुसत्या रेबीजच्या इंजेक्शनानं ते काम होत नाही. गुरांसाठी पशुवैद्यकांना विचारा. गाय, म्हैस वारंवार गाभडत असेल तर तपासणी जरूर करा, त्यामागच्या कारणांत लेप्टो असतो. गोठ्यातलं मूत आणि पाणी विहिरीकडे किंवा वाटेवर न जाता शोषखड्ड्यात जाईल अशी सोय करावी. माणसांसाठीची लस काही देशांत वापरली जाते, आपल्याकडे नाही.

घरातल्या एकाला झाला तर इतरांना लागेल?

माणसाकडून माणसाला तो जवळजवळ लागत नाही. रुग्णाची भांडी, अंथरूण वेगळं काढू नका. पण घरातले सगळे एकाच शेतात आणि एकाच गोठ्यात राबत असतील तर त्यांच्या तापाकडे त्या महिन्यात बारीक लक्ष ठेवा.

एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही?

होऊ शकतो. या जिवाणूचे अडीचशेहून अधिक उपप्रकार आहेत आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला अडवेलच असं नाही.

धबधबे, नदीत पोहणं, तळ्यातलं विसर्जन?

वाहत्या, भरपूर पाण्यात धोका कमी, साचलेल्या डबक्यात आणि तळ्याच्या गाळात जास्त. पायाला जखम असेल तर त्या दिवशी काठावर थांबा. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हा जिवाणू टिकत नाही. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीचं पाणी मात्र ब्लीचिंग पावडर टाकून, उकळूनच प्यावं.

डॉक्टरांना काय सांगायचं?

ताप कितव्या दिवसाचा आहे, लघवी किती वेळा होते, आणि गेल्या महिन्यात तुमचे हातपाय कशाकशात भिजले. लावणी, नदीवर कपडे धुणं, गटार उपसणं, तुंबलेल्या पाण्यातली दुचाकी ढकलणं, मेलेला उंदीर उचलणं, सगळं सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

एक काकी तापानं आल्या होत्या. 'पाण्यात गेला होतात?' 'नाय.' 'शेतात?' 'नाय हो, लावणी औंदा गड्यांनीच केली.' डोळे लाल होते, पोटरीला हात लावू देत नव्हत्या. शेवटी विचारलं, 'गोठा कोण काढतं?'

'गोठो? तो मीच काढतंय,' त्या म्हणाल्या, 'रोज सकाळी. चपला बाहेर काढून.'